हाराची पिशवी आणि दुधातले नॅनोतंतू

मागणी एका ओळीची होती: फुलांची पिशवी अशी हवी, की निर्माल्याबरोबर तीही खतात गेली पाहिजे. मागणारे साकीनाक्याच्या एका गाळ्यात ब्लोन फिल्मची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक फुग्यासारखं फुगवून पातळ फिल्म काढायची, लाइन चालवणारे कारखानदार. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे दादरच्या फूलबाजारातले काही व्यापारी आणि दोन-चार गणेशोत्सव मंडळं. आमच्याकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या पॉलिमर प्रयोगशाळेकडे, ते आले ते मात्र उत्तर खिशात घेऊनच. दुधातल्या प्रथिनापासून पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या साखळ्यांचे, नॅनोतंतू तयार होतात, ते 'पोलादाइतके मजबूत' असतात, ते जैवविघटनशील प्लास्टिकमध्ये मिसळायचे. मग फिल्म पातळ काढता येईल, प्लास्टिकचा दाणा कमी लागेल आणि पिशवीवर दुधाचा उल्लेख छापता येईल. पुढे जे आहे ते या उत्तराचं काय झालं त्याचा वृत्तांत.

मुंबईत पिशवीचा प्रश्न नुसता पर्यावरणाचा नसतो, तो नाल्याचाही असतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांतल्या प्लास्टिककडे सगळ्यांचं बोट गेलं. 23 मार्च 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेने पिशव्यांवर बंदी आली. तिच्यात नर्सरी, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठीच्या कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजणाऱ्या, पिशव्यांना सूट होती. 1 जुलै 2022 पासून केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी लागू झाली आणि त्याच वर्षाअखेरीपासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी 120 मायक्रॉनवर गेली. म्हणजे पातळ आणि स्वस्त पिशवी काढायची, तर ती कंपोस्टेबलच असायला हवी, आणि कंपोस्टेबल म्हणून विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. कारखानदाराला हे सगळं आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पातळ फिल्म मजबूत करण्याची त्यांची धडपड यातूनच आलेली.

पोलादाचं अर्धं वाक्य

ते ज्याच्या भरवशावर आले होते, ते वाक्य खोटं नाही. पेप्टाइडच्या साखळ्या एकमेकींशेजारी हायड्रोजन बंधांनी जोडल्या जातात, दोन साखळ्यांत साधारण 0.47 नॅनोमीटर अंतर राहतं, आणि अशा हजारो साखळ्यांची रांग लागून काही नॅनोमीटर जाडीचा, काही मायक्रोमीटर लांबीचा तंतू तयार होतो. कोणी विणत नाही. योग्य आम्लता आणि तापमान मिळालं की रेणू आपणहून ओळीत बसतात. इन्शुलिनच्या एकेका तंतूवर 2006 साली झालेल्या मोजमापात त्याची ताकद सुमारे 0.6 गिगापास्कल निघाली आणि ती पोलादाच्या पट्ट्यात येते. पण त्याच मोजमापात त्याची ताठरता 3.3 गिगापास्कल निघाली. पोलादाची 200 असते. ताकद म्हणजे तुटेपर्यंतचा जोर, ताठरता म्हणजे ताणाला न वाकण्याची वृत्ती. तंतू पहिल्या बाबतीत पोलादाशेजारी बसतो आणि दुसऱ्या बाबतीत रेशमाशेजारी. कारखानदारापर्यंत वाक्याचा पहिला अर्धा भाग पोचला होता. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, हे पुढच्या हिशोबात दिसेल.

याहून ताठर पेप्टाइड आहेत. फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे दोनच रेणू जोडून झालेलं डायफेनिलअ‍ॅलनिन पाण्यात टाकलं की त्याच्या पोकळ नळ्या होतात, हे 2003 साली तेल अवीवच्या एहूद गाझित आणि मेइताल रेखेस यांनी दाखवलं. या नळ्यांची ताठरता 19 ते 27 गिगापास्कलच्या आसपास मोजली गेली आहे. पण कृत्रिम पेप्टाइडच्या भावात फुलांची पिशवी काढणं म्हणजे गजऱ्याला सोन्याचा दोरा. शिवाय दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की हा रेणू पाणी सोडून वलयाकार होतो आणि नळीचं रूप बदलतं. पॉलिलॅक्टिक आम्ल हे नेहमीच्या वापरातलं जैवविघटनशील प्लास्टिक तर 180 अंशांच्या पुढे वितळवून चालवावं लागतं. तेव्हा डायफेनिलअ‍ॅलनिन पहिल्याच बैठकीत बाद झालं.

उरलं दूध. दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाचं सुमारे 2 टक्के द्रावण पीएच 2 वर, 90 अंशांना, काही तास मंद ढवळत ठेवलं की आम्लाने प्रथिनाचे तुकडे पडतात आणि त्यातले काही तुकडे तंतूंत जमतात. झुरिचच्या ईटीएचमधल्या राफाएले मेझेंगा यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये असे तंतू घालून फिल्मही काढली आहे. पद्धत माहितीची, रसायनं साधी. आम्ही होकार दिला.

अल्झायमरची भीती निघालीच, कारण अशा ओळीत बसलेल्या तंतूंना अमायलॉइड म्हणतात आणि त्या आजारातही अमायलॉइड तंतूच असतात. कारखानदाराच्या मुलाने ते मोबाइलवर वाचलं होतं. रचना एक असली म्हणून परिणाम एक नसतो. पिट्यूटरी ग्रंथीतली काही हॉर्मोनं शरीर स्वतःच अमायलॉइड रूपात साठवून ठेवतं, हे 2009 च्या 'सायन्स'मधल्या एका शोधनिबंधात आलं. त्याचे पहिले लेखक समीर माजी साकीनाक्यापासून हाकेच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत, याच विषयावर काम करतात. आमची खरी काळजी वेगळी होती. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधाच्या अ‍ॅलर्जीतलं एक प्रमुख प्रथिन आहे, त्यामुळे खाद्यपदार्थाच्या पिशवीत ते घातलं तर छापावं लागेल. फुलांच्या पिशवीत हा प्रश्न सौम्य.

पनीरचं पाणी

कच्चा माल फुकट मिळेल असा कारखानदाराचा हिशोब होता, आणि तो वरवर पटण्यासारखा होता. मुंबईत पनीर आणि श्रीखंडाचा चक्का रोज टनावारी होतो. त्याचं पाणी गटारात सोडणं डेअरीला जड जातं, कारण अशा पाण्याचा बीओडी, म्हणजे कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला तीस-चाळीस हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो. नेणारा भेटला तर डेअरीवाला आनंदाने कॅन भरून देतो. तसे भरलेले कॅन आमच्या दारात आलेही.

त्यातून तंतू झाले नाहीत. तपासणीची रीत अशी: थायोफ्लेविन-टी नावाचा पिवळा रंग नमुन्यात टाकायचा आणि निळ्या प्रकाशात बघायचं. तंतू असतील तर रंग त्यांच्या खोबणींत अडकतो आणि हिरवट-निळा उजळतो. आमच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीने खोलीतले दिवे घालवून दोन नळ्या शेजारी धरल्या. विकत आणलेल्या व्हे प्रोटीन आयसोलेटची (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या शुद्ध पुडीची) नळी लखलखली, पनीरच्या पाण्याची गढूळ पिवळीच राहिली. कारखानदार वाकून बघत होते, त्यांना आणखी समजावून सांगायची गरज पडली नाही.

कारण पनीर करण्याच्या रीतीतच आहे. पनीरला दूध ऐंशी अंशांच्या वर तापवतात. त्या तापमानाला बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला जाऊन चिकटतं. लिंबू किंवा सायट्रिक आम्ल पडलं की दोन्ही एकत्र फाटतात. आपलं पनीर भरघोस उतरतं ते याचमुळे, आणि मागे राहिलेल्या पाण्यात आपल्याला हवं ते प्रथिन जवळजवळ नसतं. चक्क्याचंही तेच, कारण दही उकळलेल्या दुधाचं लागतं. हवं ते पाणी रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, घालून केलेल्या चीजचं. तिथे दूध इतकं तापत नाही, म्हणून प्रथिन पाण्यात शाबूत उतरतं. घरगुती पनीरवाल्यांच्या भरवशावर या धंद्याचा पुरवठा उभा राहू शकत नाही, हे मुंबईपुरतं तरी पक्कं.

मध्येच एकदा कारखानदारांनी जिममधला व्हेचा डबा आणून दिला. चॉकलेट स्वादाचा. त्यात लेसिथिन, गोडवा आणणारी द्रव्यं, कोको सगळंच. फिल्म होण्याआधी नाश्ता झाला असता. गंमत सोडली तरी एक मुद्दा त्यातून निघाला. स्वस्त, कमी शुद्ध व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर शिल्लक असते आणि प्रथिनासोबत ती तापली की तपकिरी पडते. आमची फिल्म पुढे उष्णतेने पक्की करायची होती, त्यामुळे महाग आयसोलेट घेणं भाग पडलं. फुकट कच्च्या मालाची गोष्ट इथे संपली.

पीएच 5 चा उंबरठा

फिल्मसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल निवडलं कारण ते पाण्यात विरघळतं आणि तंतूही पाण्यातच असतात. पॉलिलॅक्टिक आम्लाचं याच्या अगदी उलट: वितळवण्याआधी त्यातला ओलावा 250 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 250 भागांच्या) खाली आणावा लागतो, नाहीतर पाण्याने साखळ्या तुटतात. तिथे दोन टक्के तंतू आणि अठ्ठ्याण्णव टक्के पाणी ओतणार कसं?

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्येही पहिल्या मिश्रणाला गुठळ्या धरल्या. तंतू पीएच 2 वर धनभारित असतात आणि एकमेकांना लांब ठेवतात. पीएच 5 च्या आसपास या प्रथिनाचा एकूण भार शून्यावर येतो, दूर ढकलणारं काही उरत नाही आणि तंतू गोळा होतात. पॉलिमरचं द्रावण जवळपास उदासीन होतं, त्यामुळे थेंबाथेंबाने ओतताना प्रत्येक थेंब हा उंबरठा ओलांडत होता. काचेवर ओतलेल्या फिल्ममध्ये ते डोळ्यांनी दिसायचं: रव्यासारखे पांढरे कण, आणि ताणपट्टी बरोबर त्या कणापाशीच फाटायची. नॅनोसंमिश्रात, म्हणजे नॅनोतंतू मिसळलेल्या पॉलिमरमध्ये, गुठळी म्हणजे बळकटी नव्हे, भेग सुरू होण्याची जागा. मग आधी पॉलिमरच्या द्रावणाला आम्ल देऊन पीएच 3 च्या खाली आणलं आणि नंतर तंतू घातले. फिल्म एकसारखी, किंचित दुधाळ आली. आम्लधर्मी फिल्म फुलांना चालेल का, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आला नाही, आणि पुढे त्याची वेळही आली नाही.

कोरड्या हवेतल्या चाचण्या समाधानकारक होत्या. तंतू घातलेली फिल्म साध्या फिल्मपेक्षा जरा सरस, ग्लिसरीन घालून मऊ केलेल्या नमुन्यात फरक अधिक ठळक. कारखानदारांनी पट्टी दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि खूश झाले.

जुलै

फिल्मच्या ताणचाचणीची पट्टी आधी 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत मुरवायची, अशी एएसटीएम डी882 या चाचणी-मानकाची प्रथा आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवाच 80 टक्क्यांच्या वर असते. प्रयोगशाळेच्या एसीखाली केलेली मोजमापं आणि फूलबाजारातली पिशवी यांच्यात एवढं अंतर आहे.

खिडकीपाशी ठेवलेल्या फिल्मच्या थप्पीचे थर पावसाळ्यात एकमेकांना चिकटले. सोडवताना कडा लांबट ओढल्या जायच्या. कोरडं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल 85 अंशांच्या आसपास काचेसारख्या ताठ अवस्थेतून मऊ अवस्थेत जातं, पण पाणी शोषलं की तो टप्पा खोलीच्या तापमानाखाली येतो. ग्लिसरीन त्यात भर घालतं, कारण तेही हवेतलं पाणी ओढतं. तंतूंनी हे थोडं थोपवलं, थांबवलं नाही.

मग कारखानदारांनी स्वतःच चाचणी केली. सील मारलेल्या पिशवीत पाणी शिंपडलेला मोगऱ्याचा गजरा आणि झेंडूचा हार घालून दुकानात टांगून ठेवली. संध्याकाळी तळ बुळबुळीत झाला होता आणि हार खालच्या टोपलीत. त्यांचा फोन आला तो असा: "मॅडम, वाळलेली पिशवी ताणून कोण बघतो हो? आमच्याकडे हार ओलाच जातो. फूलवाला तर वरून आणखी पाणी मारतो."

आमच्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची ग्रेड 88 टक्के हायड्रोलाइज्ड होती, म्हणजे त्यातले 88 टक्के अ‍ॅसिटेट गट अल्कोहोलमध्ये बदललेले होते, आणि तशी ग्रेड थंड पाण्यातही विरघळते. 98-99 टक्क्यांची ग्रेड थंड पाण्यात विरघळत नाही, फुगते. ती घेतली, सायट्रिक आम्ल घालून 130 अंशांना साखळ्या एकमेकींत बांधल्या. पिशवी टिकली, पण रंग पिवळसर आला, कडक झाली आणि घडीवर चिरायला लागली. शिवाय त्याहून मोठी अडचण खतात होती. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल खाणारे जिवाणू सांडपाण्याच्या सरावलेल्या गाळात असतात, माती आणि कंपोस्टमध्ये ते फार हळू कुजतं. विरघळून दिसेनासं होणं म्हणजे विघटन नव्हे. 'आयएस/आयएसओ 17088' या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाची अट कडक आहे: 58 अंशांच्या कंपोस्टमध्ये 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड झालं पाहिजे. साखळ्या बांधलेली आमची फिल्म ही अट पार करेल, असं मी तरी लिहून दिलं नसतं.

कागदावरचा हिशोब

हा हिशोब आम्ही कारखानदारांसमोर फळ्यावर केला, कारण तोपर्यंत पॉलिमर बदलून पाहू या असं त्यांचं म्हणणं होतं. फिल्ममध्ये 5 टक्के तंतू धरा, सगळे सुटे, फिल्मच्या पातळीत आडवेतिडवे पसरलेले. अशा पसरणीत तंतूच्या ताठरतेचे सुमारे तीन-अष्टमांश कामी येतात. तंतूंचं योगदान झालं 0.375 गुणिले 0.05 गुणिले 3.3, म्हणजे 0.06 गिगापास्कल.

आता पॉलिलॅक्टिक आम्लाची स्वतःची ताठरता 3 गिगापास्कल. त्यातलं 5 टक्के काढलं की 2.85 उरतात, त्यात 0.06 मिळवा: 2.91. तंतू घालून फिल्म किंचित मऊच झाली! तेच एखाद्या ओल्या, ग्लिसरीनने मऊ झालेल्या फिल्मचं बघा, जिची ताठरता 0.1 गिगापास्कल धरली: 0.095 अधिक 0.06, म्हणजे दीडपटीहून जास्त. तंतू मऊ माध्यमालाच ताठ करतात. आमच्या ग्लिसरीनवाल्या नमुन्यांत फरक ठळक का दिसला, त्याचं उत्तर हेच. आणि मऊ माध्यम म्हणजे बहुधा पाण्याला भुलणारं माध्यम. या तंतूंचा जिथे उपयोग आहे, तिथेच ओल्या हाराला जागा नाही.

आणि ताठरताच हवी असेल तर नॅनोसेल्युलोजचे स्फटिक 130-150 गिगापास्कलचे असतात. वरच्याच हिशोबात 140 घातले तर पॉलिलॅक्टिक आम्लाची फिल्म साडेपाचच्या घरात जाते, अर्थात सगळं आदर्श मिसळलं तर. कापूस आणि उसाच्या चिपाडातून ते निघतं, आणि माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत त्याचा प्रायोगिक प्रकल्प आहे. ताकदीसाठी दुधाकडे जायचं कारणच नव्हतं. दुधातल्या तंतूंचे खरे गुण दुसरे आहेत: ते धातूंचे आयन धरून ठेवतात, जेल बांधतात, पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. 2016 साली मेझेंगा यांच्याच गटाने सक्रिय कार्बनबरोबर त्यांची गाळणी करून पाण्यातले जड धातू काढून दाखवले, ते काम मला पिशवीपेक्षा कितीतरी पटण्यासारखं वाटतं.

त्यात कारखानदाराची पिशवी फाटत होती कुठे? सीलवर आणि देठ टोचल्यावर. ताठर फिल्म देठाने उलट लवकर भोसकली जाते. त्यांना ताठरता नको होती, चिवटपणा हवा होता, आणि हे त्यांनी पहिल्या दिवशी परत आलेल्या पिशव्या दाखवून सांगितलंही होतं, फक्त शब्द 'ताकद' वापरला होता.

मशीनचा प्रश्न तर वेगळाच. त्यांच्याकडे दाणा टाकून फुगा ओढणारी लाइन आहे. द्रावण ओतून पट्ट्यावर वाळवायची लाइन म्हणजे नवा गाळा आणि नवं वीजबिल. तंतू सुकवून दाण्यात मिसळायचे म्हटलं, तर सुकताना ते एकमेकांना असे धरतात की पुन्हा सुटे होत नाहीत. परत गुठळ्या.

काय ठरलं

तंतू पिशवीतून बाहेर काढले. पिशवी पीबीएटी (हेही एक जैवविघटनशील प्लास्टिक) आणि पॉलिलॅक्टिक आम्लाच्या, प्रमाणपत्र असलेल्या तयार कंपोस्टेबल दाण्याची, त्याच लाइनवर. पीबीएटी चिवट आहे, देठाला पुरून उरतं, आणि पॉलिथिनपेक्षा त्यातून वाफ जास्त बाहेर जाते, त्यामुळे फुलांना आत घाम कमी फुटतो. पातळपणाचा मोह सोडून सीलची पट्टी रुंद केली. पाणी शिंपडलेला हार घालून टांगण्याची कारखानदारांची चाचणी आता त्यांच्या गाळ्यात प्रत्येक रोलवर होते. प्रमाणित चाचण्यांच्या यादीत ती नाही, पण तिच्याइतकी कामाची दुसरी मी पाहिलेली नाही.

पिशवीचं कामही बदललं. हार देण्याची पिशवी म्हणून ती नियमांच्या वादात अडकली असती. निर्माल्य गोळा करण्यासाठी मंडळांना आणि सोसायट्यांना द्यायची, तर ती घनकचरा हाताळणीत बसते. दुकानात हार पूर्वीसारखा केळीच्या पानात किंवा कागदात गेला तर कुणाचं बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. 2 ऑक्टोबर 2017 पासून पालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे, आणि सोसायटीच्या खड्ड्यात 58 अंश क्वचितच भरतात. तिथे ही पिशवी झेंडूच्या कितीतरी मागे राहते; माळी ती काढून बाजूला टाकतो आणि ती पुन्हा सुक्या कचऱ्यात जाते. म्हणून सध्या पिशव्या फक्त अशा मंडळांना दिल्या जातात, ज्यांचं निर्माल्य मोठ्या ढिगाच्या खतप्रकल्पात जातं. सोसायट्यांच्या खड्ड्यासाठी स्टार्च जास्त असलेला दाणा मागवला आहे, त्याचे तुकडे विद्यार्थिनीने जाळीच्या पिशवीत घालून दोन सोसायट्यांच्या खड्ड्यांत पुरले आहेत. उरलेलं व्हे आयसोलेट तिने कार्बनच्या गाळणीसाठी मागून घेतलं.